थेवेनिनचं प्रॅक्टिकल: ओपन सर्किट व्होल्टेज बरोबर येतं, लोड लावला की करंट जुळत नाही

सेकंडसेम_ऐरोली

नमस्कार सगळ्यांना. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सला आहे, कॉलेज नवी मुंबईतच. थेवेनिन थिअरमचं प्रॅक्टिकल चालू आहे (सोर्स आणि रेझिस्टरचं सर्किट दोन टर्मिनलवरून बघितलं तर एक व्होल्टेज सोर्स, व्हीटीएच, आणि त्याला सिरीजमध्ये एक रेझिस्टन्स, आरटीएच, असंच वागतं, तो थिअरम) आणि ओरिजिनल सर्किट आणि इक्विव्हॅलंट सर्किट यांचे लोड करंट काही केल्या जुळत नाहीयेत, लवकरच जर्नल चेक करून घ्यायचंय म्हणून सगळं सविस्तर लिहिते, कुणाला कारण दिसलं तर प्लीज सांगा.

सर्किट असं आहे. १२ व्होल्टचा सप्लाय, प्लसपासून २.२ के (किलोओहम) एका पॉइंटपर्यंत, त्या पॉइंटपासून ३.३ के ग्राउंडला, आणि त्याच पॉइंटपासून १ के पुढे ए टर्मिनलला. बी म्हणजे ग्राउंड. ए आणि बीच्या मध्ये लोड.

लोड काढून मल्टीमीटर लावला तर ७.२ व्होल्ट दाखवतो, गणितातही ७.२ च येतं, इथपर्यंत सगळं छान. मग आरटीएचसाठी सप्लायच्या दोन्ही वायरी काढल्या आणि ए-बीला ओहमच्या रेंजवर मीटर लावला, ४.२४ के आलं. पार्टनर म्हणतो मॅन्युअलमध्ये २.३२ के लिहिलंय, पण प्रॅक्टिकल आहे तर मीटर दाखवतो तेच घ्यायचं ना, म्हणून ५ के चा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) ४.२४ वर सेट केला, दुसऱ्या सप्लायवर ७.२ व्होल्ट ठेवले आणि दोन्ही सर्किटला तेच तेच लोड लावून २० मिलिअँपच्या रेंजवर करंट घेतला.

लोड १ के: ओरिजिनल २.१९ मिलिअँप, इक्विव्हॅलंट १.३७
लोड २.२ के: १.६१ आणि १.१२
लोड ४.७ के: १.०४ आणि ०.८१
लोड १० के: ०.५९ आणि ०.५१

सगळे रेझिस्टर गोल्डन पट्टीवाले, म्हणजे ५ टक्केवाले. वेगळे काढून मोजलेत: २.२ के चा २.१७ भरला, ३.३ चा ३.२६ आणि १ के चा ०.९८५. लॅबमध्ये काही जण म्हणाले टॉलरन्समुळे असेल, लिही आणि सोड. पण इतका फरक टॉलरन्समुळे पडेल असं मला वाटत नाही. आणि अजून एक, दोन्ही सर्किटचं ओपन व्होल्टेज जर सेम आहे तर ती इक्विव्हॅलंट झाली असं म्हणता येतं का?

कळवा_लोकल

मी सेम व्हॅल्यू टाकून फाल्स्टॅडच्या सिम्युलेटरमध्ये पटकन सर्किट बनवलं. १ के ला २.१७, २.२ ला १.५९, ४.७ ला १.०३ आणि १० के ला ०.५८ येतंय. म्हणजे तुझं ओरिजिनल सर्किट ओके आहे, लोचा इक्विव्हॅलंटमध्येच आहे.

मला वाटतं तू वायरी काढल्यास तिथेच गडबड झाली. वायरी काढू नको, फक्त सप्लायचा स्विच ऑफ कर आणि मोज. ऑफ म्हणजे शून्य व्होल्ट, शून्य व्होल्ट म्हणजे शॉर्ट. २.३२ यायला पाहिजे.

लॅबमधली_ताई

कळवा, निदान बरोबर केलंस, पण उपाय तो करू नका, त्याबद्दल खाली लिहिते.

ऐरोली, आधी तुझी रीडिंग्ज किती चांगली आहेत ते सांगते, कारण उत्तर त्यांच्यातच आहे आणि नवीन काही मोजायचीही गरज नाही. ओरिजिनल सर्किटची पहिली ओळ घे. ७.२ व्होल्टला २.१९ मिलिअँपने भाग, ३.२९ के येतं. त्यातून लोडचा १ के वजा कर, उरतं २.२९ के. दुसऱ्या ओळीत तेच कर, २.२७ येईल. तिसरीत २.२२, चौथीत २.२०. थोडं खाली खाली सरकतंय कारण तुझे लोडचे रेझिस्टरसुद्धा छापील व्हॅल्यूपेक्षा थोडे कमी असणार आणि ०.५९ सारख्या दोन आकडी रीडिंगमध्ये शेवटचा आकडा इकडचा तिकडे झाला तरी खूप फरक पडतो. पण चारही वेळा सर्किट एकच गोष्ट सांगतंय, माझ्या आत साधारण २.३ के आहे. ४.२४ कुठेच नाही.

आता ४.२४ आलं कुठून? सप्लायच्या वायरी काढल्यास तेव्हा २.२ के चं एक टोक हवेत लटकलं. त्यातून मीटरचा करंट जाऊच शकत नाही. मीटरला ए पासून १ के आणि मग ३.३ के एवढाच रस्ता दिसला, तुझ्या मोजलेल्या व्हॅल्यूंनी ०.९८५ अधिक ३.२६, ४.२४ के. म्हणजे मीटरने खोटं काहीच दाखवलं नाही, त्याच्यासमोर सर्किटच दुसरं होतं. व्होल्टेज सोर्स शून्य करायचा म्हणजे त्याच्या जागी सरळ वायर आली पाहिजे. तसं केलं की २.१७ आणि ३.२६ पॅरलल होतात, १.३० के, अधिक ०.९८५, एकूण २.२९ के. वर तुझ्या रीडिंगमधून निघालेला आकडा हाच.

स्विच ऑफ करून का मोजायचं नाही ते बघा. बंद असलेल्या बेंच सप्लायच्या आउटपुटला मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, व्होल्टेज सेन्स करणारे रेझिस्टर असतात, ट्रान्झिस्टर असतात. बंद सप्लाय म्हणजे शॉर्ट नाही, तो एक अनोळखी डबा आहे. ओहममीटर स्वतःचा बारीक करंट सोडून मोजतो, त्याने तो कपॅसिटर हळूहळू चार्ज होत राहतो आणि रीडिंग सरकत राहतं, आणि कपॅसिटरमध्ये आधीचे थोडे व्होल्ट उरले असतील तर मीटर काहीही दाखवेल. कधीकधी मुलं सरकत्या रीडिंगमधला आवडेल तो आकडा पकडून लिहितात.

बरोबर पद्धत: सप्लायच्या दोन्ही वायरी सप्लायच्या बाजूने काढ, आणि ब्रेडबोर्डवर ज्या दोन जागी त्या जात होत्या त्या जागा जंपरने जोड. जंपर बोर्डवर लावायचा, सप्लायच्या टर्मिनलवर नाही. सप्लाय चालू असताना टर्मिनलवर जंपर पडला तर तो करंट लिमिटमध्ये जातो, आणि ज्या स्वस्त अडॅप्टरला लिमिटच नाही तो गरम होऊन जातो.

टॉलरन्सचं तुला पटलं नाही ते अगदी योग्य. १ के च्या ओळीत ३७ टक्क्यांचा फरक आहे, १० के च्या ओळीत १४. पाच टक्क्यांचे रेझिस्टर एवढा फरक पाडत नाहीत. आणि त्या फरकाचा आकार बघ ना, लोड लहान असताना फरक मोठा, लोड वाढेल तसा कमी. याचा अर्थ व्हीटीएच बरोबर आहे आणि आरटीएच चुकलाय, कारण लोड मोठा झाला की आतला रेझिस्टन्स त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. आरटीएच बरोबर असून व्हीटीएच चुकला असता तर चारही ओळींत सारखेच टक्के कमी आले असते. वायवाला हे सांगितलंस तर समोरचा पुढचा प्रश्न विचारणार नाही.

म्हणूनच तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे. ओपन व्होल्टेज सेम असणं ही अर्धी गोष्टही नाही. तेव्हा करंट शून्य असतो, आरटीएच ४.२४ असो, २.३ असो की १०० के, त्याच्यावर ड्रॉपच नाही. रिकाम्या टर्मिनलवर मोजून आरटीएचची परीक्षा होतच नाही.

सेकंडसेम_ऐरोली

ताई खूप खूप थँक्यू. आज जंपर लावून मोजलं, २.२९ के आलं. पॉट सर्किटबाहेर काढून २.२९ वर सेट केला. चारही लोडला दोन्ही सर्किटचे रीडिंग सेम: २.१९, १.६१, १.०४, ०.५९. पार्टनरने दोन्हीकडचे आकडे वाचून दाखवले तेव्हा बाजूच्या टेबलवालेही बघायला आले.

आता दोन शंका. एक, टेबलमध्ये २.२९ लिहू की २.३२? दोन, मॅन्युअलमध्ये शॉर्ट सर्किट करंट पण मोजायला सांगितलाय, त्यावरून आरटीएच क्रॉसचेक करायचा. पार्टनरच्या मीटरने ए-बी शॉर्ट करून मोजलं तर शून्य येतंय, हिशोबाने तीनच्या वर यायला पाहिजे. त्याचा मीटर तो छोटा पिवळा ८३० टाइपचा आहे.

ब्रेडबोर्डवाला

वागळे इस्टेटला टेस्ट बेंचवर काम करतो, रोज हेच करतो म्हणून लिहितोय.

त्या पिवळ्या मीटरला शून्य यायची दोन कारणं असतात, आधी नॉब बघा कुठे आहे, १० अँपच्या रेंजवर आणि १० अँपच्या भोकात प्रोब असेल तर तिथे सगळ्यात लहान आकडाच १० मिलिअँपचा आहे, तुमचे तीन मिलिअँप त्याला दिसणारच नाहीत, ०.०० दाखवणार. आणि प्रोब बरोबर भोकात, नॉब २० मिलिअँपवर आणि तरी शून्य, तर आतला फ्यूज गेलाय. त्या मीटरमध्ये व्होल्ट, ओहम आणि मिलिअँप सगळ्यांना एकच भोक आहे, कुणीतरी करंट मोजून झाल्यावर नॉब न फिरवता थेट १२ व्होल्टवर प्रोब टेकवतो, २० मिलिअँपच्या रेंजवर आत फक्त १० ओहम असतात, अँपाच्या वर करंट जायला बघतो आणि फ्यूज उडतो. कळत पण नाही कारण व्होल्टेज तर नीट दाखवत राहतो. मागचं झाकण काढा, फ्यूज बाहेर काढून दुसऱ्या मीटरने कंटिन्युइटी बघा, गेला असेल तर त्याच रेटिंगचा टाका. तिथे वायरचा तुकडा घालणारे लोक आहेत, तसं अजिबात करू नका.

हे पण समजून घ्या की करंट मोजताना मीटर स्वतः सर्किटमध्ये रेझिस्टर म्हणून बसतो. या मीटरमध्ये २०० मिलिअँपला १ ओहम, २० ला १०, २ मिलिअँपच्या रेंजला १०० आणि २०० मायक्रोला १ के. तुमच्या शॉर्ट करंटमध्ये १० ओहमने ३.१० चे ३.०९ होतील, चालतंय. पण १० के च्या लोडला जास्त आकडे दिसावेत म्हणून २ मिलिअँपवर गेलात तर १०० ओहम घुसले, करंट पाऊण टक्का कमी. दोन्ही सर्किटला तीच रेंज ठेवा म्हणजे दोन्हीकडे सारखाच परिणाम होतो. एकाला २० ची रेंज आणि दुसऱ्याला २ ची असं कधी करू नका, मग जुळणारी सर्किटसुद्धा जुळत नाहीत.

व्होल्टेज मोजताना उलटा प्रकार. या मीटरचा इनपुट १ मेगओहम, चांगल्या मीटरचा १० मेग असतो. तुमच्या सर्किटला काही फरक नाही, ७.२ मध्ये १७ मिलिव्होल्ट कमी होतील फक्त. पण हेच सर्किट २२० के, ३३० के, १०० के घेऊन बांधलं तर आरटीएच २३२ के, आणि १ मेगवाला मीटर ७.२ च्या जागी ५.८४ दाखवेल. तिथे मीटर हाच लोड झाला.

२.२९ की २.३२, तर दोन्ही लिहा. छापील व्हॅल्यूने २.३२, मोजलेल्या रेझिस्टरने गणित करून २.२९, आणि जंपर लावून प्रत्यक्ष २.२९. तीन कॉलम. पहिल्या दोघांतला फरक हा टॉलरन्स, शेवटच्या दोघांतला फरक हा तुमचं कनेक्शन आणि मीटर. हे वेगळं केलंत की "एरर आला" असं मोघम लिहायची वेळ येत नाही. तुम्ही रेझिस्टर आधीच सुटे काढून मोजले होते हे बघून बरं वाटलं, आमच्याकडे नवीन येणाऱ्या पोरांना हे सांगावं लागतं.

आणि एक काम आवर्जून करा, ग्राफ काढा. प्रत्येक लोडला ए-बीचं व्होल्टेज पण घ्या, तुमच्या आकड्यांवरून साधारण २.१७, ३.५१, ४.८२, ५.८५ येतील. आडवा करंट, उभं व्होल्टेज. चारही पॉइंट एका सरळ रेषेवर बसतील, रेषा उभ्या अक्षाला ७.२ ला कापेल, आडव्या अक्षाला शॉर्ट सर्किट करंटला, आणि उतार म्हणजे आरटीएच. दोन टोकांचे पॉइंट घेतले तर ३.६८ व्होल्ट भागिले १.६० मिलिअँप, २.३ के. यात सप्लाय काढायचा नाही, शॉर्ट करायचं नाही, काहीच नाही. मग इक्विव्हॅलंटचे पॉइंट वेगळ्या पेनने त्याच कागदावर टाका. दोन्ही सर्किटची रेषा एकच आली म्हणजे झालं सिद्ध.

ही पद्धत मला जास्त पटते कारण कामावर शॉर्ट करून मोजायची सोय बहुतेक वेळा नसतेच. समजा ९ व्होल्टची जुनी बॅटरी आहे, ओपनला ८.८ दाखवते, १०० ओहम लावले की ५.५ वर येते. करंट ५५ मिलिअँप, आत पडले ३.३ व्होल्ट, आतला रेझिस्टन्स ६० ओहम. शॉर्ट करायची गरजच काय. मोठ्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीला शॉर्ट केलं तर वायर लाल होते, प्लायर वितळतो. लॅबमध्ये तीन मिलिअँपचं शॉर्ट करायला मिळतं म्हणून बाहेर सवय लावून घेऊ नका.

रिटायर्ड_टेलिकॉम

वाचून फार आनंद झाला. मी टेलिफोन खात्यात होतो, ठाण्यात बरीच वर्षं लाइनवर काम केलं, म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

लिऑन शार्ल थेवेनिन हे स्वतः फ्रान्सच्या टपाल आणि तार खात्यातले इंजिनीअर होते. त्यांनी हा सिद्धांत १८८३ मध्ये मांडला. त्यांच्याही आधी १८५३ मध्ये जर्मनीत हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी तोच निष्कर्ष काढला होता, आणि तो काढला प्राण्यांच्या शरीरातल्या विजेच्या प्रयोगांसाठी. आता विचार करा, स्नायूच्या आत कुठे किती रेझिस्टन्स आहे हे उघडून कोण मोजणार? बाहेरून दोन ठिकाणी तारा टेकवता येतात, जे काही कळणार ते तेवढ्यातूनच. तुमच्या प्रॅक्टिकलमधल्या ए आणि बी टर्मिनलचा अर्थ हाच आहे.

दुसरी गोष्ट कामातली. ग्राहकाच्या घरी येतात त्या दोन तारा. त्यांच्यामागे एक्स्चेंजची ४८ व्होल्टची बॅटरी, फीडचा रेझिस्टन्स, मग कित्येक किलोमीटर केबल, कॅबिनेट, पिलर, डीपी, आणि वाटेत असंख्य जॉइंट. घरी उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. रिसिव्हर खाली असताना मीटरला ४८ च्या आसपास, उचलला की दहाच्या आत. एवढं दिसलं की लाइन ठीक. पण पावसाळ्यात एखाद्या जॉइंटला पाणी लागून गंज चढला की तक्रार यायची, "फोन डेड आहे". नवीन मुलगा जाऊन मीटर लावायचा, ४८ व्होल्ट बरोबर, म्हणायचा लाइन ओके आहे साहेब, इन्स्ट्रुमेंट खराब आहे. नवीन इन्स्ट्रुमेंट लावलं तरी डेड. कारण गंजलेल्या जॉइंटचा रेझिस्टन्स रिकाम्या तारेवर दिसतच नाही, करंट ओढायला लागलं की सगळे व्होल्ट तो एकटा खाऊन टाकतो. मग मी त्यांना सांगायचो, मीटर लाव आणि रिसिव्हर उचलून बघ.

त्या मुलीने विचारलेला प्रश्न, ओपन व्होल्टेज सेम आहे म्हणजे इक्विव्हॅलंट का, हा माझ्या दृष्टीने या पूर्ण प्रॅक्टिकलमधला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. तो तिने जर्नलच्या निष्कर्षात जरूर लिहावा.

कळवा_लोकल

काका भारी उदाहरण. ताई, ऑफ सप्लायचं पटलं, मी तो कपॅसिटर विचारातच घेतला नव्हता. सिम्युलेटरमध्ये ऑफ म्हणजे खरंच शून्य असतं.

मला एक सांगा, इक्विव्हॅलंट म्हणजे सगळंच इक्विव्हॅलंट का? आमच्या पुढच्या प्रॅक्टिकलला मॅक्सिमम पॉवर ट्रान्सफर आहे आणि नोट्समध्ये लिहिलंय की आरएल (लोडचा रेझिस्टन्स) बरोबर आरटीएच केलं की एफिशिअन्सी ५० टक्के. मी सिम्युलेटरमध्ये याच ओरिजिनल सर्किटला २.३२ के लोड लावला आणि सप्लायची पॉवर बघितली तर ५० टक्के येतच नाहीये, खूपच कमी येतंय.

लॅबमधली_ताई

वा, हे फार थोडे जण करून बघतात. तुझा सिम्युलेटर बरोबर आहे आणि नोट्समधलं वाक्य अर्धवट आहे.

थेवेनिन वचन देतो ते फक्त ए-बीच्या बाहेरचं. लोडवरचं व्होल्टेज, लोडचा करंट, लोडची पॉवर. आत काय चाललंय याबद्दल तो काहीच बोलत नाही. हेच सर्किट घे, लोड काढून टाक. ओरिजिनलमध्ये १२ व्होल्टचा सप्लाय २.२ आणि ३.३ मधून २.१८ मिलिअँप सतत देतोय, २६ मिलिवॅट नुसते तापण्यात जातात. इक्विव्हॅलंटमध्ये लोड नसताना करंट शून्य, पॉवर शून्य. बाहेरून दोन्हीकडे ७.२ व्होल्ट.

आता २.३२ के लोड लाव. लोडवर ३.६ व्होल्ट, पॉवर ५.६ मिलिवॅट, दोन्हीकडे तेवढीच. इक्विव्हॅलंटचा सोर्स त्यासाठी ११.२ देतो, म्हणून ५० टक्के. ओरिजिनलचा सप्लाय मात्र ३.११ मिलिअँप देतोय, १२ व्होल्टने गुणलं की ३७ मिलिवॅटच्या वर. एफिशिअन्सी १५ टक्के. लोडला जास्तीत जास्त पॉवर कधी मिळते याचं उत्तर थेवेनिनवरून काढ, ते अगदी बरोबर येईल. एफिशिअन्सी काढायची असेल तर मूळ सर्किटकडेच जायचं.

लॅबमध्ये बघायचं असेल तर सप्लायच्या प्लस वायरमध्ये मिलिअँमीटर टाकून लोड काढा. ओरिजिनलला साधारण २.२ दिसेल, इक्विव्हॅलंटला शून्य. मी हल्ली बॅचला हे मुद्दाम करायला लावते, नाहीतर "इक्विव्हॅलंट" या शब्दावर पोरांचा गरजेपेक्षा जास्त विश्वास बसतो.

सेकंडसेम_ऐरोली

फ्यूजच गेला होता. नवीन टाकल्यावर शॉर्ट करंट ३.१३ आला, ७.२ ला ३.१३ ने भागलं की २.३० के, जुळलं. ग्राफ पण काढला, दोन्ही सर्किटचे पॉइंट एकाच रेषेवर आहेत, मॅडमनी तो फळ्यावर लावायला मागून घेतला.

शेवटचं विचारते. नॉर्टनचं इक्विव्हॅलंट (करंट सोर्स आणि त्याला पॅरलल आरटीएच) पण बांधून टेस्ट करायचं आहे माझ्या मनाने, मॅन्युअलमध्ये नुसतं गणित आहे. ३.१ मिलिअँपचा करंट सोर्स लॅबमध्ये कुठून आणू? बेंच सप्लायचा करंट नॉब एवढ्या खाली नीट सेट होत नाही. एलएम ३१७ (व्होल्टेज रेग्युलेटर आयसी) वापरून होईल का, तो आहे आमच्याकडे.

ब्रेडबोर्डवाला

एलएम ३१७ इथे नको, त्याला रेग्युलेट करत राहायला स्वतःला टिपिकली साडेतीन मिलिअँप लागतात आणि डेटाशीटप्रमाणे दहापर्यंत लागू शकतात, तुमचा पूर्ण करंट त्याच्या आतच येतो. एलएम ३३४ मिळाला तर बघा, तो याच कामासाठी आहे, २२ ओहमचा सेट रेझिस्टर लावला की खोलीच्या तापमानाला तीनच्या थोडा वर देतो, पण तापमानाबरोबर करंट सरकतो आणि एवढ्या करंटला तो स्वतः थोडा गरम होतो, त्यामुळे चालू करून थोडा वेळ थांबा आणि मग रीडिंग घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, तो ट्रान्झिस्टरच्या आकाराचा असतो, तसंच दिसणारं दुसरं काही देतील, नंबर वाचून घ्या. आरटीएचचा २.२९ त्याला पॅरलल.

पण मला विचाराल तर त्याच्याआधी एक दुसरं सर्किट बांधा, साहित्य तुमच्याकडेच असेल. सप्लाय ३० व्होल्टवर न्या, प्लसपासून ए पर्यंत ८.२ के आणि १.५ के सिरीजमध्ये, ए पासून ग्राउंडला २.७ के, ३३० ओहम आणि २२ ओहम सिरीजमध्ये. बास. गणित करा, व्हीटीएच ७.१८ आणि आरटीएच २.३२ के येतो. ३० व्होल्टच्या मानाने वरचा ९.७ के मोठा आहे म्हणून हे नॉर्टनच्या दिशेने थोडं जातं. यात एकही रेझिस्टर तुमच्या मूळ सर्किटमधला नाही, सप्लाय अडीचपट आहे, आणि तरी ए-बीला लोड लावला की छापील व्हॅल्यूच्या हिशोबाने तेच करंट. रेझिस्टर सुटे मोजून घ्या, पाव वॅटचे चालतील, शॉर्ट केलं तरी ८.२ के मध्ये ८० मिलिवॅटच्या आतच जातात. तिसऱ्या रंगाच्या पेनने त्याच ग्राफवर पॉइंट टाका आणि मग मॅडमना विचारा की यातली कुठली रेषा कुठल्या सर्किटची.

लॅबमधली_ताई

हे मी माझ्या बॅचला देतेय. ३० व्होल्ट आहेत तेव्हा सप्लाय बंद ठेवूनच वायरी बदला आणि लोड बदलताना पॉट वापरत असाल तर तो शून्याकडे नेऊ नका, १ के चा फिक्स रेझिस्टर सिरीजमध्ये ठेवा.